बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढा पैसा, एवढी विद्यापीठं, तरी अमेरिकेचं चुकतं कुठे?" तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं. हल्ली रात्री हर्मन मेल्विलची 'मोबी डिक' वाचते आहे. कादंबरी १८५१ सालची, पण तुमचा प्रश्न तिच्यात पानोपानी भेटतो.

पांढऱ्या देवमाशाने कॅप्टन एहॅबचा पाय तोडला आणि सूडापायी त्याने सगळं जहाज बुडवलं, एवढी गोष्ट तुम्हाला ऐकून माहीत असेल. एहॅब वेडाच आहे. मला जास्त त्रास दिला तो भोवतालच्या शहाण्या माणसांनी. तेलासाठी देवमाशांची शिकार करणाऱ्या या जहाजाचे मालक अमेरिकेतल्या नॅनटकेट बेटावरचे क्वेकर, म्हणजे अहिंसा मानणारा ख्रिस्ती पंथ. त्यातला बिल्दाद मांडीवर बायबल घेऊन बसतो आणि नव्या खलाशाला नफ्याचा ७७७वा हिस्सा देऊ करतो! अधिकारी गोरे अमेरिकन. भालाफेके मात्र पॅसिफिक बेटावरचा क्वीक्वेग, अमेरिकेचाच आदिवासी टॅश्टेगो आणि आफ्रिकेचा डॅगू. डोकं अमेरिकेचं आणि अंगमेहनत बाकी जगाची, हे मेल्विलने स्वतःच लिहून ठेवलंय. जहाजाचं नाव 'पिक्वॉड', ज्या आदिवासी जमातीची १६३७ मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तल केली तिच्यावरून. ती जमात नामशेष झाली असं तो लिहितो, ते मात्र खरं नाही. कनेक्टिकटमध्ये त्यांचे वंशज आजही आहेत.

आई, पिप नावाच्या काळ्या पोराचं प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. देवमाशाचा धक्का बसला की तो घाबरून होडीतून उडी मारतो. पहिल्या वेळी दोरीत अडकतो; त्याला वाचवायला दोरी कापावी लागते आणि मासा हातचा जातो. तेव्हा त्या होडीचा अधिकारी स्टब त्याला बजावतो की अलाबामाच्या गुलामबाजारात तुझी जेवढी किंमत येईल, तिच्या तीसपट या माशाची येते. दुसऱ्यांदा त्याने उडी मारली तेव्हा होडी पुढे निघून गेली. मागच्या होड्या उचलतील असं स्टबला वाटलं, पण त्यांना दुसरे मासे दिसले. शेवटी जहाजाला तो योगायोगाने सापडला, तोवर भर समुद्रात एकट्याने राहून त्याची बुद्धी गेली होती. स्टब दुष्ट नाही गं, हसतमुख माणूस आहे. त्याने फक्त हिशेब केला.

असे हिशेब तेव्हा कोर्टातही होत होते. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे धाडण्याचा कायदा १८५० मध्ये झाला. पुढच्याच वर्षी बॉस्टनहून थॉमस सिम्स या तरुणाला जॉर्जियाला परत पाठवलं. त्याला सोडवण्याचा अर्ज फेटाळणाऱ्या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ हे मेल्विलचे सासरे.

राहता राहिला स्टारबक, जहाजावरचा सज्जन माणूस. मुक्या जनावरावर सूड कसला, हे एहॅबला तोंडावर सांगणारा तोच. पण या सुडातून बाजारात विकायला तेलाची पिंपं किती भरतील, हेही तोच विचारतो. एका रात्री एहॅब झोपलेला असताना स्टारबकच्या हातात भरलेली बंदूक असते. घरची बायको, लहान मुलगा आठवतात, सगळे मरणार हे कळत असतं, आणि तो बंदूक जागेवर ठेवतो. माझ्या मते या देशाचं दुखणं एहॅबपेक्षा या माणसात जास्त आहे: चूक दिसते, बोलूनही दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

बाबा, खून तर त्याने करायला नकोच होता. मग काय करायला हवं होतं? एवढी वर्षं तुम्ही युनियनचं काम केलंत, तुमचं मत मला हवंय. सविस्तर लिहा.

तुमची,
लेक