व्हीपीएनचं घोडं कुठं पेंड खातंय

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेलं की मी दुसरी पायरी सांगेपर्यंत बाबा चौथी दाबून मोकळे होतात आणि आई मागून "अहो, थांबा ना, ती सांगतेय" म्हणत राहते. म्हणून लिहूनच पाठवतेय. याची प्रिंट काढून कीबोर्डशेजारी ठेवा.

बाबा, तुमचं म्हणणं असं की इंटरनेट चालू आहे, यूट्यूबवर कीर्तन दिसतंय, बँकेची साइट उघडतेय, मग विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर, ज्या कारखान्याचे हिशेब तुम्ही घरून बघता त्याचं व्हीपीएनच का जोडलं जात नाही? पासवर्ड बदलून मागावा का, फायबरवाल्याला बोलवावं का, हे तुमचे दोन्ही प्रश्न आईनं निकालात काढलेत. तुम्ही एररचा चौकोन दिसला रे दिसला की ओके दाबता. आईनं मात्र दुधाच्या हिशेबाच्या वहीत पडद्यावरच्या शेवटच्या ओळी शब्द न शब्द उतरवून घेतल्या आणि त्या पानाचा फोटो मला पाठवला. त्यात वर 'पीअर कनेक्शन इनिशिएटेड' आहे आणि तळाशी 'ऑल टॅप-विंडोज अडॅप्टर्स ऑन धिस सिस्टिम आर करंटली इन यूज ऑर डिसेबल्ड'. वरच्या ओळीचा अर्थ, तुमचा निरोप कुपवाडच्या सर्व्हरपर्यंत, म्हणजे कारखान्यातल्या मुख्य कॉम्प्युटरपर्यंत पोचला, आणि गाडी तळाच्या ओळीपर्यंत आली म्हणजे त्यानं ओळखही पटवून घेतली. म्हणजे राउटर, फायबर, पासवर्ड सगळे निर्दोष. अडलंय ते त्यानंतर, आणि आपल्याच कॉम्प्युटरमध्ये.

आई, तू विचारलंस की हे अडॅप्टर काय प्रकरण आहे. व्हीपीएन म्हणजे आपल्या घरातून थेट कारखान्याच्या ऑफिसात निघणारा खासगी बोळ समज. त्या बोळाचं आपल्या बाजूचं दार म्हणजे हे टॅप अडॅप्टर. ते खरं कार्ड नाही, व्हीपीएनचं सॉफ्टवेअर टाकताना तयार होणारं लटकं नेटवर्क कार्ड आहे. विंडोजची आवृत्ती बदलताना जुनी सॉफ्टवेअर तशीच पुढे आणली जातात, पण अशा लटक्या कार्डाचा जुना ड्रायव्हर (विंडोजकडून ते कार्ड चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर) कधी कधी नीट बसत नाही. मग सॉफ्टवेअर दिसतं जागेवर आणि दार मात्र उघडत नाही.

आता कामाला लागा. माऊस आईच्या हातात, बाबा फक्त पासवर्डपुरते.

सगळ्यात आधी कारखान्यानं दिलेल्या प्रोफाइल फाइलची (व्हीपीएननं कुठे आणि कसं जोडायचं ते तिच्यात असतं) एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. तिच्या आतच किल्ली असू शकते, तेव्हा ती व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवायची नाही, मलासुद्धा नाही. मग स्टार्टवर उजवं क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क अडॅप्टर्स. या यादीत 'टॅप' नावाची ओळ शोधा. तिच्यावर खाली वळलेला छोटा बाण असेल तर ती नुसती बंद आहे. उजवं क्लिक करून एनेबल डिव्हाइस म्हणा, व्हीपीएन परत जोडून बघा, कदाचित तेवढ्यावरच भागेल. पण पिवळा त्रिकोण असेल (माझी पैज त्यावरच आहे) तर जुनं सगळं काढून नवं टाकायचं. त्याच यादीत 'वॅन मिनीपोर्ट' नावाच्या सात-आठ ओळी दिसतील. त्या विंडोजच्या स्वतःच्या आहेत, त्यांना हात लावू नका. बाबा, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

काढायला सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. तिथून व्हीपीएनचं सॉफ्टवेअर काढा आणि टॅप-विंडोज वेगळं दिसलं तर तेही. मग रीस्टार्ट करा. शट डाउन करून परत चालू केलंत तर चालणार नाही, कारण फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर साठवले जातात आणि पुन्हा तेच वर येतात. खरी नव्यानं सुरुवात रीस्टार्टनंच होते. त्यानंतर कारखान्यानं मेलवर पाठवलेल्या लिंकवरून नवी आवृत्ती उतरवा, फाइलवर उजवं क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणा आणि शेवटी पेनड्राइव्हवरची प्रोफाइल इम्पोर्ट करा.

एवढ्यावर जोडलं जावं. तरीही नाहीच झालं आणि मेसेजमध्ये 'सायफर' किंवा 'बीएफ-सीबीसी' असं काही आलं, तर तिथंच थांबा. बीएफ-सीबीसी ही माहितीला कुलूप लावायची जुनी पद्धत आहे, तिच्यातली कमजोरी २०१६ मध्ये उघड झाली आणि नव्या आवृत्त्या ती आपणहून स्वीकारत नाहीत. फाइलमध्ये एक ओळ घातली की चालतं असं कुणीतरी सांगेलच, पण ते दुरुस्त करायचं काम कारखान्याच्या कॉम्प्युटरवाल्याचं. त्याच्याकडून नवी प्रोफाइल मागा. तसंच 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करा असाही सल्ला मिळेल. नका करू. ती विंडोजची सुरक्षेची सोय आहे, गाभ्यात घातक काही घुसू नये म्हणून असते.

शेजारच्या काकांनी सुचवलेलं फुकटचं व्हीपीएनही नको. त्यानं कुपवाडचं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडणार नाही. तो भलताच बोळ आहे आणि तो कुणाच्या अंगणात निघतो ते आपल्याला माहीत नाही. बाबा, तुम्ही विचारलंत की व्हीपीएन कायदेशीर आहे ना. आहे. २०२२ मध्ये सर्ट-इननं, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायचा नियम केला तो लोकांना व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी, कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनसाठी नाही.

आणि परत विंडोज १० वर जायचं डोक्यातून काढा. अपग्रेडनंतर दहा दिवस ती सोय असते खरी, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. ज्या मशिनवर दुसऱ्याच्या कारखान्याचे हिशेब उघडतात ते तसं ठेवणं मला पटत नाही.

गूगलवर 'व्हीपीएन हेल्पलाइन' शोधून सापडलेल्या नंबरावर फोन मात्र मुळीच करू नका. असे कितीतरी नंबर भामट्यांचे असतात. गोड बोलून स्क्रीन ताब्यात घेतात आणि तुमच्या बँकेची साइट त्याच ब्राउझरमध्ये उघडी असते. चुकून पैसे गेलेच तर मला फोन करण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला करा.

कारखान्याचा जीएसटीचा रिटर्न, जीएसटीआर-३बी, २० तारखेला भरायचाय, तेव्हा १७ पर्यंत वाट बघा. नाही जमलं तर सरळ कुपवाडला जाऊन त्यांच्या मशिनवर बसा. रिक्षानं जा, भर दुपारी स्कूटर काढू नका.

तुमची लेक

ता. क. आई, स्टार्टचं बटण मधोमध गेल्यामुळे तू वैतागलीस ना? खालच्या पट्टीवर रिकाम्या जागी उजवं क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, टास्कबार बिहेव्हिअर्स, अलाइनमेंटमध्ये लेफ्ट निवड. बटण परत डाव्या कोपऱ्यात येईल.