आधी ब्रेक, रंग शेवटी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुनी वाहने भंगारात काढण्याविषयीची बातमी आपल्या दैनिकात आली, तेव्हापासून आमच्या भागातली मंडळी माझ्याकडे चौकशीला येत आहेत. कोणाच्या अंगणात आजोबांची फियाट ताडपत्रीखाली उभी आहे, कोणाकडे काकांची अॅम्बॅसडर. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडचा शिल्प निदेशक होतो आणि निवृत्तीनंतर सत्तरच्या दशकातली स्वतःची फियाट घरीच दुरुस्त करून वापरतो, म्हणून ही मंडळी येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. परवा शेजारचा तरुण म्हणाला, "काका, पहिले कलर मारून घेतो, गाडी चमकली की बाकीचं मंग पाहू." हा क्रम धोक्याचा आहे आणि खर्चाचाही. त्यासाठीच हे पत्र.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करतो. गाडी जुनी झाली एवढ्या कारणाने नागपुरात ती भंगारात द्यावी लागत नाही. वयाची सरसकट बंदी हा दिल्ली परिसराचा विषय आहे. आपल्याकडे १५ वर्षांनंतर गाडी तपासणीत पास झाली पाहिजे आणि नोंदणीचे नूतनीकरण झाले पाहिजे. ५० वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीसाठी तर २०२१ पासून केंद्राचा वेगळा व्हिंटेज नियम आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक राखता येतो, नव्याने नोंदणाऱ्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. मात्र अशी गाडी रोजच्या ये-जा करण्याला किंवा धंद्याला वापरता येत नाही, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. म्हणून पद्मिनीत (फियाटचेच पुढचे नाव) दुसरे इंजिन बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मूळ १०८९ सीसीचे इंजिन कितीही मळके दिसत असले तरी ते सांभाळा. काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी तुटका दिवासुद्धा, नाव लिहून डब्यात ठेवा. नमुना हातात असला की लेथवाला नवा भाग करून देतो. नमुनाच नसेल तर त्याचाही इलाज चालत नाही.

आता ब्रेक. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि पेडल दाबले की तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून निघणारी लाइन एकच आहे. एका चाकाचा सिलिंडर फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत पेडल घट्ट लागले तरी विश्वास ठेवू नका. चाके काढा, व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून बघा. आत ओल दिसली तर आतल्या रबरांचे किट बदला, आणि सिलिंडरला आतून चरे किंवा खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदला. ड्रममधली काळी धूळ हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, तो श्वासातून आत जाणे वाईट. धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून वर्षानुवर्षे तेच तेल ठेवू नये, आणि उघडलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी तर नाहीच. त्यात चुकूनही इंजिन ऑइल घालू नका, सगळी रबरे फुगतात. ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचे डावे चाक.

चाक काढण्यापूर्वी गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. हायड्रॉलिक जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, आणि विटांचा थर लावून तर मुळीच नाही. वीट भारामुळे एकाएकी फुटते. हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगत असे.

ब्रेकनंतर पेट्रोल. टाकीतले जुने पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, बसते, म्हणून टाकी उतरवून रिकामी करा, धुवा, आत उजेड टाकून गंज बघा. टाकीला भोक असेल तर ती कोणत्याही वेल्डरकडे तशीच नेऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते आणि ते ठिणगीने फुटते. टाकी वाफेने धुऊन देणाऱ्या रेडिएटरवाल्याकडेच काम द्या. दुसरे म्हणजे आता पंपावर मिळते ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे. आपल्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेलेच नाही. पेट्रोलचे पाइप, एसी पंपाचा (इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा) पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग मऊ पडतात, चिरतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकते. इथेनॉल टाकीतली जुनी घाणही सोडवते, आणि म्हणून पेट्रोल भरल्यावर आठवड्याभरात गाडी अडकायला लागते. सगळे पाइप इथेनॉल सहन करणारे घ्या, पंपाआधी फिल्टर लावा, आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी जवळजवळ रिकामी ठेवा. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि ते पाणी तळाशी बसते.

नागपूरकरांना मे महिन्यातला त्रास वेगळा सांगायला नको. पारा ४५ च्या वर गेला की सिग्नलला उभी असलेली गाडी बंद पडते आणि सेल्फ मारून बॅटरी उतरते. पेट्रोल लाइनमध्येच उकळून वाफ होते, पंप नुसता वाफ ओढत राहतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकत, त्यामागचे कारण हेच. पण तो रस्त्यावरचा इलाज आहे. कायमचे करायचे असेल तर एक्झॉस्टच्या जवळून जाणारी पेट्रोलची नळी लांबून वळवा, मधे उष्णता अडवणारा पत्रा लावा, रेडिएटर आतून साफ करा. आपल्या बोअरचे पाणी जड असते, त्याचा थर रेडिएटरमध्ये बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंटच घाला. गाडी तापते म्हणून कोणी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकत असेल तर त्याला थांबवा. थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. साधारण ८० अंशांच्या आसपास तो उघडताना डोळ्यांनी दिसतो. उघडला तर दोष दुसरीकडे आहे.

वायरिंगमध्ये एकच मोठी गोष्ट बघा. मॉरिस, ऑस्टिन आणि सुरुवातीच्या काही अॅम्बॅसडरसारख्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. सवयीने निगेटिव्ह जोडले की डायनामो आणि कटआउटचे (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) नुकसान होते. बॅटरी लावण्याआधी पुस्तकात बघा. कापडी आवरणाच्या वायरी चुरगळत असतील तर जागोजागी टेप लावत बसू नका, पूर्ण वायरिंग बदला आणि फ्यूज वाढवा.

ब्रेक, पेट्रोल आणि वायरिंग नीट झाल्याशिवाय इंजिन चालू करू नये. फार दिवस न फिरलेल्या इंजिनाला सरळ सेल्फ मारणे चूक. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर तसेच ठेवा आणि मग हँडलने हाताने फिरवून बघा. फिरले तर ऑइल बदला आणि प्लग परत लावायच्या आधी आणखी थोडे फिरवा. अडले तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडून थांबा. सीबी पॉइंटचे (प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचे) अंतर फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने, तपासा. अॅम्बॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनासाठी ते ०.०१४ ते ०.०१६ इंच. काळे पडलेले पॉइंट घासत बसण्यापेक्षा कंडेन्सरसह बदलणे बरे.

पान्यांविषयी जरा थांबून सांगतो, कारण अर्ध्या गाड्या इथेच खराब होतात. फियाटचे बोल्ट मिलिमीटरमध्ये आहेत, अॅम्बॅसडरचे इंचात. अर्ध्या इंची बोल्टला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो ०.३ मिलिमीटरने ढिला असतो आणि जोर दिला की बोल्टचे कोपरे गोल होतात. अॅम्बॅसडरवाल्यांनी इंची पान्यांचा वेगळा संच घ्यावा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे, सकाळी आधी थोडे घट्ट करून मग सोडवावे. छोटे गंजलेले भाग, कड्या, बिजागऱ्या, कंस, किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवा. एका लिटरला ५० ते १०० ग्रॅम पुरते. सकाळी ब्रशने घासा, सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच वाळवा आणि तेलाचा हात फिरवा, नाहीतर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस होतात.

आणि आता रंग. पाहुणा गाडीकडे बघतो तेव्हा रंगच बघतो, हे मला कळते. पण रंगाआधी पत्रा बघा. पायपुसण्याखालची फरशी, दरवाजांच्या खालच्या कडा, बॅटरीखालचा ट्रे, डिकीचा तळ, काचेच्या रबराचे खालचे कोपरे. दरवाजाखालची पाणी निघायची भोके बुजली की दरवाजा आतून सडतो, म्हणून ती तारेने मोकळी करा. चुंबक पातळ कापडात गुंडाळून बॉडीवर फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. गंजावर लांबी भरून रंग मारला तर पहिला पावसाळा बरा जातो आणि दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात. सडलेला पत्रा कापून नवा लावणे, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग थोडीशी लांबी, हा क्रम बदलता येत नाही. एका गॅरेजवाल्याने माझ्या परिचितांना चमकदार रंग करून गाडी दिली. वर्षभराने रंगाखालचा दरवाजा बोटाने दाबला तर आत गेला.

आपल्या हवेचाही विचार करा. पावसाळ्यात मारलेला ड्यूको (थिनर उडून वाळणारा जुन्या पद्धतीचा रंग) पांढरट पडतो. मे महिन्यात थिनर पत्र्यावर पोचायच्या आत उडते, वर धूळ बसते. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस रंगाचे. पावसाळ्यात घरात बसून कार्बोरेटर, पंप, डायनामो, वायरिंग करा. मे महिन्यात धुतलेली टाकी आणि सीटचा कापूस उन्हात वाळवा. पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) रंग मात्र घरी मारू नका. त्यातला हार्डनर फुप्फुसाला धोकादायक आहे, नाकाला रुमाल बांधून तो अडत नाही. ते काम रंगाचे बंदिस्त बूथ असलेल्याकडेच द्या.

सुट्या भागांची चिंता सगळ्यांना असते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली, त्यामुळे नवे किट हळूहळू दुर्मिळ होणार. ब्रेक आणि पंपाचे किट आज मिळत असतील तर एक जोड जास्त घेऊन ठेवा.

शेवटी एक विनंती. प्रीमियर (पद्मिनीची कंपनी) आणि हिंदुस्तान मोटर्स (अॅम्बॅसडरची कंपनी) यांची मूळ सर्व्हिस मॅन्युअल्स नागपुरात अनेक घरांच्या माळ्यावर पडलेली असणार. ती रद्दीत देऊ नयेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी घरी येऊन पाने स्कॅन करून पुस्तक त्याच दिवशी परत देईन, आणि ज्या कोणाला त्याची प्रत हवी असेल त्याला विनामूल्य देईन. अॅम्बॅसडर मार्क २ चे पुस्तक मी सध्या शोधतो आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक
प्रतापनगर, नागपूर