शेवटची सायकल

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पैसे मिळत नाहीत, मग रविवारी पहाटे उठून लोकांना सायकलवर कशाला हिंडवतेस?" तेव्हा मी कुकरचं निमित्त करून फोन ठेवला. म्हणून हे पत्र.

आम्ही राजाराम पुलापासून खडकवासल्याला जातो, जेमतेम बारा किलोमीटर. सरावलेला माणूस पाऊण तासात पोचेल; आम्हाला दीड तास लागतो. निघण्याआधी सायकली तपासण्यातच बराच वेळ जातो. निम्म्या चाकांत हवा नसते आणि जवळपास सगळ्यांची सीट खाली, कारण बसल्या बसल्या पाय टेकायला हवेत! मग गुडघे दुखतात आणि खापर वयावर फुटतं. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, इतकी सीट वर हवी. गिअर चढाच्या आधी हलका करायचा, हे मी दर रविवारी सांगते आणि दर रविवारी धरणाजवळच्या चढावर कुणाची तरी चेन उतरतेच. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने ओरडायचं, मागच्यांनी तो शेवटपर्यंत पोचवायचा. सिंहगड रस्त्यावर दुसरं काही बोलायला सवडच मिळत नाही म्हणा.

सुरुवातीला मी पुढे असायचे. दुसऱ्याच रविवारी धरणावर डोकी मोजली तर एक कमी. आईच्या वयाच्या एक काकू धायरी फाट्याजवळ पंक्चर होऊन अर्धा तास उभ्या होत्या. फोन का नाही केलात, तर म्हणे, "उगाच तुमचा खोळंबा." त्या पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून सगळ्यात हळू चालवणारा पुढच्याच्या लगेच मागे, म्हणजे वेग त्याचाच. आणि शेवटची सायकल माझी.

बाबा, शाळेच्या सहलीत रायगड उतरताना तुम्ही असेच शेवटी असायचात, रडणाऱ्या पोराची पिशवी खांद्याला लावून. बाकीचे सर पुढे आणि माझेच बाबा मागे, याची मला तेव्हा लाज वाटायची.

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर : बायका पंजाबी ड्रेसवरही येतात, फक्त ओढणी कमरेला गाठ मारून. एकीची चाकात गेली होती, थोडक्यात निभावलं.

माळ्यावरचा पंप दादाबरोबर पाठवा. नव्या सायकलींच्या व्हॉल्व्हला त्याचं तोंड बसणार नाही, पण दोघी-तिघींकडे अजून जुन्या काळ्या सायकली आहेत. वॉशर गेला असला तरी चालेल, इथे मिळतो.

तुमची,
मनू