मनगटातलं हाड

फर्दापूर,
7 मे 2019

प्रिय सुनीता,

परवा तुझी मेडिकलची नीट परीक्षा झाली. फोनवर तू एवढंच म्हणालीस, "फिजिक्स लांबलं, बायो बरं गेलं," आणि पुढं तुला बोलवेना. मलाही काय बोलावं ते सुचलं नाही. म्हणून आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून लिहायला बसले आहे. उन्हामुळं लेण्यांच्या वाटेवरच्या टी पॉइंटला सध्या चिटपाखरू नाही. दादा आत आडवे झाले आहेत.

तू विचारलं होतंस, "तुला मुंबईचं जेजे कला महाविद्यालयच का पाहिजे? औरंगाबादला सरकारी कला महाविद्यालय आहे, मीही तिथंच असेन, रूम करून राहू." हाच प्रश्न दादांनी विचारला, मामांनी विचारला, आपल्या चित्रकलेच्या सरांनीसुद्धा विचारला. प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं, आणि त्यातलं एकही पुरं नव्हतं. तुला तरी नीट सांगते.

तुला माझा हात ठाऊक आहे. म्हणजे अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा, निळं कमळ धरलेला. आठवीत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीला सरांनी आपल्याला लेण्यात नेलं होतं, तेव्हापासून मी तो काढते आहे. वहीच्या मागच्या पानावर, दुकानात विकायच्या स्फटिकांच्या दगडांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर, आणि एकदा तुझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर, ज्यावरून तू आठवडाभर बोलली नव्हतीस. चार वर्षं झाली. ज्यानं बघितला त्यानं "छान" म्हटलं. आई छान म्हणते, सर छान म्हणतात, दुकानात आलेल्या एका जपानी बाईंनी तर तो पुठ्ठाच मागून नेला. मला मात्र ठाऊक होतं की त्यात काहीतरी चुकतंय. काय चुकतंय, ते सांगणारं इथं कोणी नव्हतं.

डिसेंबरात मामांबरोबर मी मुंबईला गेले, ते तुला सांगितलं होतं. पण काय झालं ते सगळं सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की त्यातला जोर जाईल असं वाटायचं. जळगावहून रात्रीची गाडी धरली, सकाळी सीएसएमटीला उतरलो. मामांना लॉकरचं काम होतं, मी बाहेर उभी राहून वर बघत होते. सुनीता, त्या स्टेशनच्या भिंतींवर दगडात पानंफुलं, पक्षी, प्राणी कोरलेले आहेत. ते नक्षीकाम जेजेच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. 1888 मध्ये ते स्टेशन पूर्ण झालं. रोज लाखो माणसं त्याच्याखालून जातात, आणि ती मोरपिसं काढणारी पोरं आपल्याच वयाची असणार.

जेजे तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. डी. एन. रोडवर इतका गोंगाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि फाटकातून आत पाऊल टाकलं की झाडं. मोठी जुनी झाडं, त्यांच्याखाली बसून चित्र काढणारी मुलं. मुख्य इमारत 1878 ची, दगडी. खिडक्या इतक्या उंच आणि रुंद की आतला प्रकाश दिवसभर एकसारखा पडलेला. जमशेटजी जीजीभॉयांनी एक लाख रुपये दिले आणि 1857 मध्ये शाळा सुरू झाली. 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचा जन्म 1865 मध्ये याच आवारातला, त्याचे वडील तिथं शिकवायचे. मामांना किपलिंगशी काही देणंघेणं नव्हतं. ते "आवरा आता" म्हणत होते.

एका वर्गाचं दार उघडं होतं. आत प्लास्टरचे पुतळे, पुतळ्यांचे सुटे हात-पाय, आणि लाकडी डाँकीवर बसलेला एक मुलगा प्लास्टरचा हात काढत होता. घोड्यावर बसावं तसं त्या डाँकीवर बसायचं आणि पुढच्या फळीला बोर्ड टेकवायचा. मी दारात उभी राहून बघत राहिले. त्यानं मनगट काढलं, खोडलं, परत काढलं, परत खोडलं. कागद त्या जागी खरबरीत झाला होता. चौथ्यांदा खोडल्यावर त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "काढते का?" मी हो म्हटलं. कसं म्हटलं देवाला ठाऊक, मामा बाजूलाच उभे होते. त्यानं एक कागद आणि चारकोलचा तुकडा दिला, शेजारची डाँकी सरकवली. अर्धा तास मी तोच प्लास्टरचा हात काढला.

त्यानं उठून माझ्या मागं उभं राहून बघितलं. छान म्हणाला नाही. म्हणाला, "मनगट वळतंय, पण आत हाड नाहीये."

सुनीता, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हतं ते. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या चित्राकडं खरं बघितलं होतं. त्यानं स्वतःचं मनगट पुढं केलं, करंगळीच्या बाजूचा तो उंचवटा माझ्याच बोटानं दाबायला लावला आणि म्हणाला, "हे आधी सापडलं पाहिजे, मग रेघ." तुझ्या अ‍ॅनाटमीत त्या हाडाचं नाव असेल. मला नाव नको, ते कागदावर कसं आणायचं ते पाहिजे.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी लेण्यात गेले. पद्मपाणीसमोर उभी राहिले, गार्डकाका हलवीपर्यंत. आणि तिथं मला जे दिसलं त्यानं मी जास्तच गोंधळले. त्या हातातही हाड नाही! मनगट देठासारखं वळलंय, कुठं उंचवटा नाही, कुठं शीर नाही. तरी तो हात जिवंत आहे आणि माझा मेलेला. मग जेजेतला तो मुलगा बरोबर, की दीड हजार वर्षांपूर्वीचा तो चित्रकार? की हाड पक्कं सापडल्यावरच ते लपवता येतं? हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, आणि तो विचारायला मला जेजेतच जायचं आहे. का, तर हाच प्रश्न घेऊन तिथली मुलं आधी आपल्या गावाकडं आली होती.

हे मला यंदा कळलं, आपल्या दारातली गोष्ट असून. जॉन ग्रिफिथ्स नावाचे जेजेतले शिक्षक 1872 पासून 1885 पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला यायचे. थंडीच्या दिवसांत यायचे आणि भिंतींवरच्या चित्रांच्या तैलरंगात नकला करायचे. पेस्तनजी बोमनजी हे त्यातले एक. मुंबईत ही पोरं युरोपच्या पद्धतीनं शिकलेली, छायाप्रकाश, हाडं, स्नायू सगळं पक्कं. आणि इथं त्यांच्यासमोर बिनहाडाची मनगटं! किती अडखळली असतील. सोळा नंबरमधल्या त्या मरणासन्न राजकन्येपुढं ग्रिफिथ्स हरखून गेले. फ्लॉरेन्सच्या चित्रकाराला रेखाटन याहून चांगलं जमलं असतं, व्हेनिसच्याला रंग, पण एवढा भाव दोघांनाही आणता आला नसता, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय. नकला पुढं लंडनला गेल्या, आणि 1885 मध्ये तिथं आग लागून त्यातली बरीच चित्रं जळाली. तेरा हिवाळ्यांची मेहनत. भिंती नीट दिसाव्यात म्हणून ग्रिफिथ्सनी वार्निशही लावलं, ते पुढं काळवंडलं आणि चित्रांना बाधलं. मला त्याचा राग येतो. पण ज्यांनी एवढं प्रेम केलं त्यांच्याच हातून ते झालं, म्हणून राग टिकत नाही.

गेल्या 28 एप्रिलला जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी अजिंठ्याला आला त्याला दोनशे वर्षं झाली. 'शोध लावला' असं सगळीकडं लिहितात. आपल्या गुराख्यांना लेणी ठाऊकच होती गं. त्यानं दहा नंबरमध्ये चित्रावर आपलं नाव कोरलं, तेवढं मात्र त्याचं. मला ती जेजेची पोरं जास्त जवळची वाटतात. त्यांनी भिंतीवर नाव घातलं नाही, वर्षानुवर्षं बघत बसली. ती मुंबईहून इथं आली. मी इथून तिथं जाईन.

बाकी जेजेतल्या चित्रकारांची मोठी नावं तर आहेतच. धुरंधर कोल्हापूरहून 1890 मध्ये गेले ते एकेचाळीस वर्षं तिथंच शिकले-शिकवले, त्यांची मुलगी अंबिकाबाईही तिथंच शिकल्या. गायतोंडे तिथले. पण मला बी. प्रभांचं नाव घेतलं की धीर येतो. नागपूरजवळच्या बेला गावची मुलगी, आधी नागपूरला शिकली, मग जेजेत. कोळणी काढल्या त्यांनी, उंच, शांत. बेल्याहून जाता येतं तर फर्दापूरहून का नाही?

आता दादांचं सांगते. महिनाभर घरात अबोला होता. "मुंबई कामून?" एवढंच विचारायचे आणि उत्तर न ऐकता उठायचे. होस्टेल मिळालं नाही तर कुठं राहशील, रंग-कॅनव्हासचा खर्च, पोरीची जात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, सीझन गेला तर आमच्याकडं खरंच काही उरत नाही. गेल्या आठवड्यात मी त्यांना दुकानात बसून सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच. मनगटाचं, ग्रिफिथ्सचं, त्या पोरांचं. आणि रंगांचं. लेण्यात लाल-पिवळा म्हणजे गेरू आणि पिवळी माती, काळा म्हणजे काजळी, निळा तेवढा अफगाणिस्तानातून आलेल्या दगडाचा. हिरवा मात्र हिरव्या मातीचा, आपल्या काळ्या पाषाणात सापडते तसल्या. दादा ऐकत होते. मग उठले, मागच्या खोक्यातून एक फोडलेला गोटा आणला. आत पांढरे स्फटिक, आणि स्फटिकांच्या मागं, दगडाला चिकटून, हिरवट पापुद्रा. तो ते नेहमी ब्रशनं घासून काढतात, गिऱ्हाईकाला आवडत नाही म्हणून. "ही का?" म्हणाले. मी म्हटलं, असलीच.

त्यानंतर त्यांनी दोन दिवस गोटे घासलेला चुरा फेकला नाही. काडेपेटीत भरून माझ्या कंपासपेटीशेजारी ठेवला. बोलले काहीच नाहीत. काल सकाळी मात्र मामांना फोन लावून मुंबईत मुलींच्या होस्टेलची चौकशी करत होते, मी अंगणात होते तरी ऐकू आलं.

म्हणून पसंतीक्रम भरताना पहिलं जेजे, दुसरं औरंगाबाद. औरंगाबादला लागलं तर रडत जाणार नाही, तुझ्याबरोबर रूम करीन आणि मन लावून शिकेन. पण पहिल्या नंबरवर जे खरं आहे तेच लिहायचं, असं ठरवलंय. तूही घाटीच, औरंगाबादचं सरकारी मेडिकल कॉलेजच, पहिलं लिही. आजी तिथं दोन महिने होती तेव्हा तू रोज डबा घेऊन जायचीस आणि परत येऊन वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटचं नाव मला सांगायचीस, ते मी विसरलेले नाही. तुला डॉक्टर कुठंही होता येईल, पण तुझं मन त्याच वॉर्डात आहे. मार्कांचा हिशेब उत्तरं आल्यावर कर, आत्ता झोप काढ.

माझी कला महाविद्यालयांची प्रवेशपरीक्षा, सीईटी, तोंडावर आली आहे. स्थिरचित्र आणि संकल्पचित्र बरं चाललंय, स्मरणचित्रात माणसांची गर्दी अजून जमत नाही. तू गावी आलीस की गुरुवारच्या बाजारात माझ्याबरोबर तासभर बस, मी माणसं बघते आणि मग घरी येऊन न बघता काढते. आणि येताना औरंगाबादहून 6बी च्या चार पेन्सिली आण, इथं एचबीच्या पुढं काही मिळत नाही. पैसे आल्यावर देते. तुझा उजवा हातही लागणार आहे, बांगडी न घालता ये. मनगट नीट दिसलं पाहिजे.

तुझीच,
मंगल