सगळ्यांनी एकाच रात्री

डेल्फ्ट, रविवार

सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तुम्ही आवाज बारीक करून सांगितलंत, की डॉक्टर सोन्याला खरूज म्हणाले आणि आता आईच्याही कंबरेला खाज सुटलीय. वहिनी, आवाज बारीक करायचं काही कारण नाही. इथे पोरं एका घरात पाच-सहा जणं राहतात, त्यांच्यात ही सर्रास होते. पहिल्या वर्षी मलाही झाली होती, तुम्हाला कुणाला कळवलं नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीलाही लाजेपायी बोलले नाही, एकटीनेच मलम लावलं. महिन्याभरात परत तेच. माझी तिला गेली होती, तिची मला आली.

म्हणून एवढं ऐकाच: मलम घरातल्या पाचही जणांनी एकाच रात्री लावायचं. दादा म्हणेल, मला कुठं खाजतंय? पण पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. डोळ्यांना दिसणार नाही एवढा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो आणि तोवर माणूस दुसऱ्याला देत राहतो.

डॉक्टरांनी दिलेलं परमेथ्रिन 5 टक्क्यांचं मलम रात्री झोपताना लावा. अंग कोरडं आणि गार हवं, गरम पाण्याच्या अंघोळीवर लगेच नको. मोठ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, फक्त पुरळावर नाही. बोटांची बेचकी, काख, बेंबी, जांघा, नखांखाली, सगळीकडे. एका मोठ्या माणसाला साधारण 30 ग्रॅमची अख्खी ट्यूब लागते, दादाला त्यात काटकसर करू देऊ नका. हात धुतले की हातांना परत लावायचं. आठ ते चौदा तासांनी अंघोळ. सातव्या दिवशी पुन्हा सगळ्यांनी लावायचं, कारण अंड्यांतून नवीन किडे निघतात.

छकुली आठ महिन्यांची आहे, तिचं मनाने करू नका. एवढ्या लहान बाळाच्या डोक्याला, चेहऱ्यालाही लावावं लागतं, फक्त डोळे-तोंड सांभाळून. तिला आधी सीपीआर हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात दाखवून आणा. आणि मेडिकलमधली ती खाज-गजकर्णावरची ट्यूब कुणालाच नको. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. खाज दबते, किडा तसाच राहतो.

सकाळी उठल्या उठल्या सगळ्यांचे मागच्या तीन दिवसांतले कपडे, टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे कढत पाण्यात, साधारण 60 अंशांत धुवा आणि गच्चीवर कडक उन्हात टाका. वाकळा धुवायला जमणार नाहीत, त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच जगतो. घरभर औषध फवारायला नको.

सोन्याला तालमीतून लागली असेल. त्यात तांबड्या मातीचा दोष नाही. अंगाला अंग बराच वेळ घासलं की ही लागते आणि कुस्तीत दुसरं काय असतं! मलम लावून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो खुशाल जाऊ दे, पण लंगोट आणि टॉवेल ज्याचा त्याचा. दादाने वस्तादांना स्वतः जाऊन सांगावं. त्या पोरांनाही उपचार झाले नाहीत तर सोन्याला परत होईल.

आईने त्याचा तांबडा रस्सा बंद केलाय म्हणे, उष्णतेने झालंय म्हणून. जेवू दे ना त्याला, खरजेचा रश्श्याशी संबंध नाही. आणि आईला हे नक्की सांगा, की उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. घाबरून रोज मलम लावत बसू नका, त्याने कातडी आणखी चिडते. महिन्यानंतरही नवीन पुरळ दिसलं, किंवा मध्येच पू झाला, ताप आला, तर डॉक्टरांकडे जा.

पाचही जणांचं कुठल्या रात्री ठरतंय ते कळवा. त्या रात्री मी फोन करीन, आणि सातव्या दिवशीही.

तुमची,
धाकटी