नाण्याचा फोटो काढताना दिवा तिरका हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी नाणी सापडल्याच्या बातम्यांसोबत छापलेल्या फोटोंत नाणे बहुधा वाचताच येत नाही. तळहातावरची काळपट चकती आणि तिच्या मधोमध फ्लॅशचा पांढरा डाग, एवढेच दिसते. दोष कॅमेऱ्याचा नसतो, समोरून पडणाऱ्या उजेडाचा असतो. शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या झिजलेल्या नाण्यावर अक्षरांचा उठाव मिलिमीटरचाही काही अंशच उरतो. समोरच्या उजेडात त्याची सावलीच पडत नाही, मग ‘श्री राजा शिव’ दिसणार कुठून? रिंगलाइट (लेन्सभोवती बसणारा गोल दिवा) विकत घेणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

फ्लॅश बंद करावा आणि खोलीतले इतर दिवेही. दोन रंगांचे उजेड मिसळले की तांबे एकीकडे पिवळे आणि दुसरीकडे हिरवट येते. मान वाकणारा एकच एलईडी टेबललॅम्प नाण्याच्या वरच्या डाव्या बाजूला ठेवावा. झिजलेल्या नाण्यासाठी तो टेबलापासून १५ ते ३० अंशांवर, ठसठशीत नाण्यासाठी ४५ अंशांच्या आसपास. दिव्याच्या समोरच्या बाजूला पांढरे कार्ड उभे केले की सावल्या काळ्याकुट्ट होत नाहीत. दिवा खालच्या बाजूने लावला, तर उठावाची अक्षरे खोल कोरल्यासारखी भासतात, कारण उजेड वरूनच येतो असे आपला मेंदू धरून चालतो. (पानावर फोटो उलटा लागला तरी हाच घोटाळा होतो, हे आपल्या मांडणी विभागासाठी.)

आरशासारख्या प्रूफ नाण्याला (संग्राहकांसाठी खास चकाकी देऊन पाडलेल्या) मात्र तिरका दिवा चालत नाही, ते काळे दिसते. तिथे लेन्स आणि नाणे यांच्यामध्ये साधी स्वच्छ काच ४५ अंशांत धरावी आणि दिवा बाजूने काचेवर सोडावा. परावर्तित उजेड सरळ खाली नाण्यावर उतरतो. दिव्याचा थेट झोत नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये काळा पुठ्ठा ठेवावा.

मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सने १:१ प्रमाणात, म्हणजे सेन्सरवर नाण्याएवढीच प्रतिमा पडेल असा, फोटो घेताना एफ/८ या छिद्राला (अ‍ॅपर्चरला) जेमतेम १ मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. म्हणजे २ सेंटिमीटरचे नाणे ३ अंशांनी कलले तरी एखादी कड धूसर होणार. त्यावर एफ/२२ हे आणखी लहान छिद्र हा उपाय नव्हे. या अंतरावर ते प्रत्यक्षात एफ/४४ होते आणि विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे) सगळेच मऊ पडते. त्यापेक्षा नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवावा आणि लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत स्टँड सरळ करावा. शटर २ सेकंदांच्या टायमरवर.

मोबाइल असेल तर नाण्याला चिकटवू नये. अगदी जवळ नेल्यावर अनेक फोन आपोआप अल्ट्रावाइड (रुंद कोनाच्या) कॅमेऱ्याकडे वळतात, शिवाय फोनच दिवा अडवतो. २०-२५ सेंटिमीटरवर पुस्तकांच्या थप्पीवरून फोन बाहेर काढून ठेवावा, दुप्पट झूम करावे आणि उरलेले नंतर कापावे.

फोटोसाठी नाणे चिंच-मिठाने घासण्याची हौस तर मुळीच नको. तांब्यावरचे जुने पुट एकदा गेले की गेलेच, आणि उघड्या चकाकीत अक्षरे आणखी हरवतात. फोटो मागवताना आपण दोन्ही बाजू, शेजारी मिलिमीटरची पट्टी आणि ग्रॅममध्ये वजन, एवढे मागितले तरी जाणकारांना छापील फोटोवरून नाणे ओळखता येईल.

आपला,
एक नाणेसंग्राहक, सातारा