धुळीची टेस्ट करा, अब्रूचं नंतर बघू : पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

ताई, हडपसरला आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक जुनं वर्कशॉप होतं, वर सिमेंटचे पत्रे, ते पाडून आता तिथे टॉवर होतोय. होऊ दे, आमचा टॉवरला विरोध नाहीये. पण पाडताना पत्रे नीट उतरवून घ्यायचे सोडून सरळ जेसीबी घातला, तुकडे तिथेच मातीत दाबले आणि आता बेसमेंटच्या खोदाईत तेच तुकडे ब्रेकरखाली भुगा होऊन वर येतायत. असला पत्रा छपरावर शाबूत असेपर्यंत फारसा त्रास देत नाही, फुटला की त्यात मिसळलेल्या ॲसबेस्टॉस या खनिजाचे तंतू सुटतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुफ्फुसात गेले की तिथेच बसतात. मेसोथेलिओमासारखा कॅन्सर वीस ते चाळीस वर्षांनी उगवतो, म्हणजे आज खाली सायकल चालवणाऱ्या पोरांना तो पन्नाशीत भेटणार.

म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर आणि गेटच्या बोर्डवर आम्ही एवढंच लिहिलं की या धुळीत ॲसबेस्टॉस असू शकतो, खिडक्या बंद ठेवा, टेस्टची मागणी करूया. लगेच बिल्डरची (नाव घेत नाही, घेतलं की अजून एक नोटीस) अब्रुनुकसानीची नोटीस हजर! भरपाई पाच कोटी, वर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद. ज्यांना आली त्यातले एक काका रिटायर्ड शिक्षक आहेत, बायपास झालेली, ते आता ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा टाकत नाहीत.

कायदा म्हणतो बोललेलं खरं आणि लोकहिताचं असेल तर ती बदनामी नाही. छान. पण खरं आहे हे सिद्ध आम्ही करायचं आणि पुरावा मात्र त्यांच्या कुंपणाच्या आत! आत गेलो तर घुसखोरी. डंपरमधून रस्त्यावर पडलेला एक तुकडा उचलून वर्गणी काढून लॅबला दिला, रिपोर्टमध्ये क्रायसोटाइल, म्हणजे ॲसबेस्टॉसचाच एक प्रकार, आलं, तर म्हणे हा तुकडा आमच्या साइटचाच कशावरून. आणि कोर्टाची तारीख पडेपर्यंत माती कुठल्या कुठे भरावाला गेलेली असणार.

त्यांनी गेटवर पीएम १० चं मशीन लावलंय, त्यावर हिरवा आकडा. अहो ते मशीन धूळ किती ते सांगतं, धुळीत काय आहे ते नाही, त्यासाठी नमुना घेऊन मायक्रोस्कोपखालीच बघावं लागतं.

मुंबईत फ्लॅटधारकांनी बिल्डरविरुद्ध बोर्ड लावला म्हणून झालेली फौजदारी बदनामीची केस सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये रद्द केली, शांतपणे तक्रार मांडायचा त्यांना हक्क आहे म्हणाले. पण त्यासाठी त्या लोकांना दिल्लीपर्यंत जावं लागलं हो, आमच्या काकांना शिवाजीनगर कोर्टाच्या पायऱ्या चढायला दम लागतो. आणि गंमत बघा, ॲसबेस्टॉसचा कचरा परदेशातून आणायला २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत बंदी आहे, पण हडपसरमध्ये त्याचा भुगा करून वाटला तर बोलणाऱ्यालाच नोटीस!

केस मागे घ्यायला लावा असं आम्ही म्हणत नाही, ते कोर्ट बघेल. तुमच्या हातातलं मागतोय. प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांगून खड्ड्यातले आणि हवेतले नमुने पंचनामा करून घ्या, रिपोर्ट सगळ्यांसमोर ठेवा आणि तोवर खोदाई थांबवा. सापडलं तर माती भिजवून, तुकडे डबल पिशव्यांत सील करून रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात पाठवा. नाही सापडलं तर आम्ही त्याच बोर्डवर तसं लिहू, मोठ्या अक्षरात, बिल्डरला पेढेही देऊ.

फक्त माणूस दुपारी पाठवू नका, तेव्हा साइटवर पाण्याचा टँकर फिरत असतो. डंपर रात्री दहानंतर निघतात.

आपले,
हडपसरचे काही रहिवासी